वर्ग इंग्रजीत, मन शिरपुरात

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनची. बी.ए. मराठीतून केलं. आता पुणे विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. तासाला इंग्रजी डोक्यावरून जातं, माझ्या वऱ्हाडी बोलीमुळे बोलायला संकोच वाटतो, शिवाय खर्चाची धास्ती. घरी परत जावं का?

उत्तर : नको, परतू नकोस. तुझी अडचण भाषेची आहे, बुद्धीची नाही. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश मिळव. तासाच्या आदल्या रात्री त्या विषयातल्या दहा संज्ञा मराठी-इंग्रजी जोडीने लिहून ठेव. संकल्पना आधी मराठीतून समजली, की इंग्रजी वाक्य उलगडायला लागतं. अडलेलं प्राध्यापकांना तासानंतर विचार, मराठीत विचारलंस तरी चालेल. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात रोज ठरलेल्या वेळी बस. दोघी-तिघींचा अभ्यासगट कर. बोलीची लाज बाळगू नकोस, वऱ्हाडीत बोलणारे तुला तिथेही भेटतील.

खर्चासाठी विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी कर. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्त्याचे अर्ज मुदतीत भर. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

झोप उडाली, जेवण जाईना, सतत रडू येत असेल, तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. घरच्यांपासून काही लपवू नकोस. निदान पहिलं सत्र पूर्ण कर, निर्णय त्यानंतर घे.