काठावर बसू नकोस

मनू, काल तू फोनवर दांडेलीचं पॅकेज वाचून दाखवत होतीस तेव्हा मी नुसती हं हं करत होते. फोन स्पीकरवर होता, समीर आणि तुझ्या सासूबाई ऐकत होत्या, म्हणून काही बोलले नाही. आता सविस्तर लिहिते. वाच, आणि पटेल तेवढं घे.

दोन रात्री, तीन दिवस. त्यात राफ्टिंग, कयाकिंग, झिपलाइन, झॉर्बिंग, रेन डान्स, कॅम्पफायर, आणि सगळ्यात शेवटी जागा उरली म्हणून घातल्यासारखी 'जंगल सफारी'. अगं, ज्या जंगलाच्या जिवावर ही सगळी दुकानं थाटली आहेत ते १९५६ पासून अभयारण्य आहे! २००७ मध्ये शेजारचं अणशी राष्ट्रीय उद्यान धरून तिथे व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. सफारी वनखात्याची असते, बाकीचा कारभार बहुतेक खासगी. म्हणून 'सफारी समाविष्ट' म्हणजे नेमकं काय, ते बुकिंगच्या आधी विचार. वनखात्याच्या जीपमधून गेटच्या आत नेणार, की रिसॉर्टच्या गाडीतून डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून आणणार? दुसऱ्या प्रकारालाही बिनदिक्कत सफारी म्हणून मोकळे होतात.

दुसरं विचारायचं ते डीजेचं. रात्री उशिरापर्यंत रेन डान्स आणि पहाटे सफारी, हे गणित बसत नाही. पुरुषमंडळी 'उठू की' म्हणतात आणि पहाटे अलार्म बंद करून कूस बदलतात. मग तू एकटी ओजसला उठवत, दूध शोधत बसणार. आणि अभयारण्याला लागून कर्णे लावून नाचणं मला मुळातच पटत नाही. आपल्या बेळगावातलीही मंडळी शनिवार-रविवार तिथे जाऊन हेच करतात, त्यामुळे बोट फक्त पुण्या-मुंबईकडे दाखवता येत नाही. डीजे नाही असं ठिकाण शोध. आहेत तशी. पॅकेजमधली अर्धी नावं गळली तरी तुझं काही अडणार नाही. एका दिवशी एकच मोठी गोष्ट ठेव. जंगलाला पहाट, नदीला दुसरा दिवस.

आता मुद्द्याचं. राफ्टिंगला कोण जाणार, असं मी विचारलं तर तू पटकन म्हणालीस, "समीर आणि त्याचे मित्र जातील, मी ओजसला घेऊन काठावर थांबेन." मनू, गणेशगुडीला काठावर जाऊन बघ एकदा. चपलांचा ढीग, मोबाइल भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, टॉवेल, कुणाचा चष्मा, कुणाची पाकिटं, आणि हे सगळं मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. पोहता येत नाही म्हणून बसलेल्या, मूल लहान म्हणून बसलेल्या, कुणी विचारलंच नाही म्हणून बसलेल्या. तासा-दोन तासांनी राफ्टवाले भिजून, आरडाओरडा करत परत येतात आणि ह्या टॉवेल पुढे करतात. तू त्यांच्यात बसू नकोस. अर्ध्या दिवसासाठी ओजसला त्याची आजी सांभाळेल, नाहीतर समीर आधी जाईल आणि तू नंतरच्या फेरीला जा. आजच सांगून ठेव. तिथे पोचल्यावर सांगशील तर 'आता कुठे, पुढच्या वेळी' होईल, आणि ही पुढची वेळ कशी असते ते तुला मी सांगायला नको.

पोहता येत नाही हे कारण धरू नकोस. अंगावर लाइफ जॅकेट असतं, ते नीट बसलं पाहिजे एवढंच. घातलं की कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, पट्टे आवळून घे, लाजू नकोस. आपल्याकडे बायका जॅकेट सैलच ठेवतात, छातीवर आवळलं की कसंतरी वाटतं म्हणून. पाण्यात पडल्यावर ते सैल जॅकेट डोक्यावरून निघून जाईल. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, ती हाताने झाकून धर, नाहीतर तीच मूठ शेजारणीच्या दातांवर बसते. पाण्यात पडलीसच तर उताणी हो, पाय पुढे, पाण्याच्या दिशेला, पायाची बोटं वर. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करू नकोस. पाय दगडांच्या सांदीत अडकला की वरून येणारं पाणी माणसाला आडवं करतं, मग जॅकेट असून उपयोग नाही. राफ्टमध्ये माणसं ठरल्यापेक्षा जास्त कोंबत असतील तर उतर. पैसे गेले तर जाऊ देत. दम्याचा त्रास असेल, पाठीचं दुखणं असेल, दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका जरी असेल, तर राफ्टिंग नाही. तेव्हा काठावर खुशाल बस.

हे पाणी येतं कुठून, तेही समजून घे. गणेशगुडीला काळी नदीवर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. पायथ्याला वीजघर. वीज तयार करताना जे पाणी खाली सुटतं त्यावर राफ्टिंग चालतं. म्हणजे नदी कधी भरायची ते पावसावर नाही, वीजघराच्या वेळांवर ठरतं, आणि घोटाभर पाणी बघता बघता वाढू शकतं. म्हणून फोटोसाठी मधल्या खडकावर जाऊन बसणं, मुलाला 'इथे उथळच आहे' म्हणून पाण्यात सोडणं, हे नको. खाली दांडेली गावाच्या बाजूला तर पात्रात मगरी आहेत. तिथे कुणी कितीही म्हणालं तरी पाण्यात पाय घालायचा नाही. बेळगावहून खानापूर, लोंढ्यावरून येताना तुम्हाला रामनगर लागेल. सुपा गाव धरणाखाली गेलं तेव्हा तिथल्या लोकांना जिथे वसवलं ते हे. चहाला थांबाल तेव्हा ओजसला सांग, त्याला धरण म्हणजे नुसती भिंत वाटायला नको. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं, हेही लक्षात ठेव. जूनमध्ये 'खास सवलत' देणारा नक्की कशाची सवलत देतोय ते विचार.

आता ज्या गोष्टी स्पीकरवर बोलता येत नाहीत त्या. पाळीची तारीख आधी बघ. आली तरी राफ्टिंग बुडालंच असं नाही, पण पॅड पाण्यात दोन मिनिटांत फुगून निकामी होतो. कप वापरत असशील तर काही प्रश्न नाही. नसशील वापरत, तर पहिला प्रयोग तिथे जाऊन करू नकोस, आधी घरी एक-दोन महिने सवय कर. काठावर कपडे बदलायची सोय असेलच असं धरून चालू नकोस. एक ढगळ गाऊन पिशवीत ठेव, तो वरून घातला की आत सगळं बदलता येतं, गाडीच्या आडोशालासुद्धा. जीन्स नको, भिजली की अंगाला चिकटते आणि जड होते. कॉटनचा पंजाबी ड्रेसही नको. लेगिंग्ज आणि अंगावरच वाळणारा टीशर्ट बरा. मागे पट्टा असलेले सँडल घाल, साधी चप्पल पहिल्याच उसळीत वाहून जाते. मंगळसूत्र खोलीवर कुलपात ठेव. सासूबाईंना ते आवडणार नाही हे मला माहीत आहे. त्यांना म्हण, ताईने सांगितलंय, माझ्यावर ढकल.

झिपलाइनला हेच नियम, त्यात केसांचा एक वाढवा. ओढणी आणि मोकळे केस चाकात अडकतात. घट्ट अंबाडा घाल, वर हेल्मेट. दोन्ही मांड्यांचे पट्टे आवळलेत का, कडीचा स्क्रू फिरवून बंद केला आहे का, हे सुटण्याआधी स्वतः डोळ्यांनी बघ, आणि मुख्य दोरीखेरीज जोडीची दुसरी दोरी लावली आहे का तेही. पोरगं कंटाळून जांभया देत पट्टे बांधत असेल तर ओजसला उतरवून घे. आठ वर्षांच्या मुलाला लांबच्या राफ्टिंगला नेऊ नका, कुणी 'चालतं हो' म्हणालं तरी. त्याला संथ पाण्यातली छोटी फेरी पुष्कळ झाली. झॉर्बिंगच्या त्या प्लॅस्टिकच्या फुग्यात मला कधीच अर्थ दिसलेला नाही, ते पुण्यात मॉलमध्येही मिळतं.

आणि आता सासूबाई. तू त्यांना 'बिचाऱ्या खोलीवर बसतील' अशा हिशेबात धरलंस, ते मला खटकलं. दांडेलीत गुडघेदुखी असलेल्या माणसाला जे दिसतं ते राफ्टवाल्यांना दिसत नाही. गणेशगुडीला धरणाच्या बांधकामाच्या वेळी सुरुंगाची दारू साठवायला एक कोठार बांधलं होतं, आता तिथे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचं राहण्याचं ठिकाण आहे, ओल्ड मॅगझिन हाऊस नावाचं. झाडांखाली पाण्याची लहान लहान कुंडं ठेवली आहेत आणि पक्षी तिथे आंघोळीला येतात. माणसाने फक्त खुर्चीत बसायचं आणि बडबड करायची नाही. राहायला तिथेच मिळालं तर पॅकेज सोडून दे, असं माझं स्पष्ट मत आहे.

धनेश मात्र बघितल्याशिवाय येऊ नका. तिथे चार जातींचे धनेश आहेत, महाधनेशापासून साध्या राखी धनेशापर्यंत. दांडेलीतल्या सरकारी लाकूड डेपोच्या आसपास, सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांमध्ये कवड्या धनेशांचे थवे उतरतात, गेटवर विचारून घ्या. उन्हाळ्यात जाणार असाल तर त्यांचा विणीचा काळ असतो. मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपलीच विष्ठा आणि चोथा वापरून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. आत अंडी घालते, तिची पिसं गळतात, काही महिने ती बाहेर पडत नाही. नर येतो तो आधी ऐकू येतो, पंखांचा धापा टाकल्यासारखा आवाज होतो. ढोलीपाशी खोडाला चिकटून बसतो, मान मागेपुढे हलवतो आणि गळ्यातून उंबराचं एक फळ वर काढून चोचीच्या टोकावर आणतो. फटीतून ते आत घेतलं जातं. मग दुसरं. मग तिसरं. हे एवढं सगळं गळ्यात मावलं कसं, असं आपल्याला वाटत राहतं. माझ्या सासूबाईंनी ते पाहिलं तेव्हा सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या होत्या, "बघा." झाडापासून लांब उभं राहायचं हे मात्र पाळा. माणसं जवळ घुटमळली की नर ढोलीकडे यायचं टाळतो आणि आतली मंडळी उपाशी राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारे गाइड असतात, त्यांना सरळ नको म्हणा.

वाघाचं ओजसला आधीच सांगून ठेव. तुम्ही ताडोबाला जाऊन आलात ना, तोच पंचाईतीचा भाग. तिथलं रान मोकळं, पाणवठे ठरलेले. हे सह्याद्रीचं दाट जंगल, दहा हातांवर गवा उभा असला तरी कळत नाही. वाघ आहेत, काळा बिबट्याही आहे आणि त्याच्या नावावर टीशर्ट विकले जातात, पण दिसतील ते गवे, चितळ, भेकर, नशिबात असेल तर रानकुत्री. शेकरू बहुतेक दिसेल. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून शाळेत पाठ केलेला असेल त्याने, तो डोक्यावरच्या फांदीवर फणसाचा गर खाताना बघू दे. सफारीला भडक रंग नकोत, अत्तर नको, आणि वेफर्सची पिशवी तर अजिबात नको, तिच्या कुरकुरीने अख्खी जीप वैतागते.

गोचिडींचं मात्र मनावर घे. थंडीपासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात माकडतापाची भीती असते. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पुढे गोव्यात सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गातही आला. पसरतो तो गोचिडीच्या चाव्यातून. घाबरून जायचं कारण नाही, पण पायवाटेवर चालताना पायघोळ पँट, पायमोज्यात खोचलेली. पालापाचोळ्यावर बसायचं नाही. खोलीवर आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि ओजसच्या काखा, कानामागं, कमरेचं इलॅस्टिक नीट तपासायचं. घरी आल्यावर आठवड्याभरात कुणाला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

डबे मात्र करू नकोस. तुझा हात चिवड्याकडे वळणार हे मी ओळखून आहे. तिथे जेवण मिळतं, आणि जोयड्याकडच्या कुणबी घरांमधून कंदमुळांची भाजी खायला मिळाली तर सोडू नका. येताना बेळगावात माझ्याकडे उतरा, कुंदा आणून ठेवते.

आज रात्री जेवताना समीरला सांग, राफ्टिंगची एक जागा तुझ्या नावावर घ्यायची आहे. त्याने हो म्हटलं की मला कळव.