परवलीच्या शब्दाचे गणित

सायकलीला लावायचे आकड्यांचे कुलूप तुम्ही पाहिले असेल. त्याला तीन चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर ० ते ९ असे दहा आकडे असतात. समजा, एखाद्या चोराला त्या कुलपाचा आकडा ठाऊक नाही. पण त्याच्याजवळ वेळ भरपूर आहे. तो ०००, ००१, ००२ असे क्रमाने लावीत जाईल. एकूण शक्यता १० × १० × १०, म्हणजे १,०००. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले, तर सर्व शक्यता सुमारे ३३ मिनिटांत संपतात. चौथी चकती बसवली, तर मात्र साडेपाच तास लागतील. कुलपाचे लोखंड तेच राहिले. वाढली ती फक्त शक्यतांची संख्या.

तुमच्या इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या खात्यालाही असेच एक कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे परवलीचा शब्द, ज्याला आपण पासवर्ड म्हणतो. हा शब्द इंग्रजी वर्णमालेतील आठ लहान अक्षरांचा असेल, तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. एवढी मोठी संख्या पाहून तुम्ही निर्धास्त व्हाल. पण थोडे थांबा.

उसाचा चरक

चार-सहा चुका झाल्या, की संकेतस्थळ पुढचे प्रयत्न अडवते. मग चोर अंदाज कोठे करीत बसतो? तो संकेतस्थळाची नोंदवहीच पळवतो आणि आपल्या संगणकावर निवांतपणे काम करतो.

चांगली संकेतस्थळे या नोंदवहीत तुमचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवीत नाहीत. ती त्याला एका गणिती चरकातून काढतात व जे बाहेर पडेल तेवढेच जपतात. या क्रियेला ‘हॅश’ म्हणतात. उसाचा रस निघाल्यावर रसापासून पुन्हा ऊस करता येत नाही; तसेच हॅशपासून मूळ शब्द उलट काढता येत नाही. परंतु एकच शब्द त्याच चरकात घातला, की दर वेळी तेच उत्तर येते. म्हणून चोर एकेक शब्द स्वतः चरकात घालतो आणि येणारे उत्तर चोरलेल्या नोंदीशी ताडून पाहतो.

चरक साधा असेल, तर आजचा एखादा शक्तिमान संगणक सेकंदाला १०० कोटी शब्द सहज तपासतो. आता भागाकार करा. आठ अक्षरांच्या त्या २०,८८३ कोटी शक्यता संपायला साडेतीन मिनिटेच लागतात! शब्द बारा अक्षरांचा असता, तर याच कामाला सुमारे तीन वर्षे लागली असती. चार अक्षरे वाढली आणि काम साडेचार लाख पटींनी वाढले.

माणसाचा स्वभाव

हा हिशेब अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील, तरच खरा. माणसे तशी निवडत नाहीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड व सोपे होते किंवा शब्दकोशात अथवा नावांच्या यादीत सापडणारे होते.

पुढे तीस वर्षांनी, २००९ साली, रॉकयू या कंपनीकडून ३ कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६! तेव्हा चोर प्रथम अशाच याद्या वापरतो. तुमचे नाव, जन्मसाल, आवडता क्रिकेटपटू हे अंदाज पहिल्या काही क्षणांतच संपतात.

दुसरी खोड याहून घातक आहे. ती म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड वापरणे. २०१२ साली लिंक्डइनची नोंदवही चोरीला गेली आणि २०१६ साली १० कोटींहून अधिक नोंदी विक्रीला आल्या. त्याच वर्षी फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्या ट्विटर व पिंटरेस्ट खात्यांत चोरटे शिरले. लिंक्डइनच्या नोंदींतूनच आपल्याला किल्ली मिळाली, असा दावा चोरट्यांनी केला. घर, कपाट आणि तिजोरी यांना एकच किल्ली असली, तर एक किल्ली हरवताच सर्व गेले!

करून पाहा

वर्गातील ३६ जणांनी प्रत्येकी एका कागदावर सहा ओळी व सहा स्तंभ आखून ३६ सोपे मराठी शब्द रोमन लिपीत लिहावेत. शब्द पुन्हा येऊ देऊ नयेत. कागदही सहा-सहाच्या सहा गटांत लावावेत. अशी १,२९६ शब्दांची यादी तयार होईल. तिची प्रत सर्वांनी घ्यावी.

आता घरी एकट्याने फासा टाका. पहिल्या दोन दानांनी कागद ठरेल, पुढच्या दोन दानांनी ओळ व स्तंभ, म्हणजे शब्द. असे सहा शब्द काढून ओळीने लिहा. आलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका. निवड फाशाचीच हवी. शक्यता किती झाल्या? ६ चा चोविसावा घात! तुमची यादी चोराच्या हाती पडली, तरी आपल्या वरच्या संगणकाला त्या सर्व तपासायला सुमारे १५० वर्षे लागतील. प्रत्येक खात्यासाठी असा वेगळा पासवर्ड करा आणि तो घरी वहीत जपून ठेवा.

दुसरे कुलूप

याशिवाय खात्याला दुसरे कुलूप लावता येते. त्यासाठी फोनवर एक अ‍ॅप मिळते. तुमचा फोन व संकेतस्थळ यांच्यामध्ये एक गुप्त संख्या ठरलेली असते. दोघेही ती संख्या आणि घड्याळातील वेळ यांपासून सहा अंकी आकडा काढतात. तो दर ३० सेकंदांनी बदलतो. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. दोन्ही घड्याळे जुळलेली असली, की पुरे.

मात्र एका चोरीवर गणिताचा काहीच उपाय नाही. मित्राच्या खात्यावरून निरोप येतो, “तुझ्या फोनवर एक आकडा आला आहे, तेवढा पाठव ना!” खरे म्हणजे मित्राचे खाते आधीच चोराच्या हाती गेलेले असते आणि आता पाळी तुमची असते. असा आकडा कोणालाही सांगू नका. मित्राला फोन करून त्याचा आवाज ऐका, म्हणजे खरे-खोटे कळेल.

इतके करूनही खाते गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. पासवर्ड बदला, इतर सर्व उपकरणांवरून खाते बंद करा, मित्रांना सावध करा आणि घरी किंवा शिक्षकांना लगेच सांगा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवता येते. तुमचे नाव घेऊन चोर दुसऱ्या कोणाला फसवण्यापूर्वी हे झाले पाहिजे.

जाता जाता एक प्रश्न: यादीतील सहाऐवजी सातच शब्द घेतले, तर ती १५० वर्षे किती होतील? उत्तर काढा, म्हणजे एका शब्दाची किंमत कळेल.