पुण्याचा पासपोर्ट, कोंढ्याचा पत्ता

प्रश्न : नोकरीसाठी पुण्यात असताना पासपोर्ट काढला होता. आता कोंढ्यातच राहतो. मुदत संपत आली आहे. नूतनीकरणासाठी पुण्याला जावे लागेल का?
– एक वाचक, कोंढा (ता. पवनी)

उत्तर : नाही. भंडारा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतो. पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर ‘री-इश्यू’चा अर्ज भरा. दलालांच्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा. प्रौढांसाठी 36 पानी पासपोर्टचे साधारण शुल्क 1,500 रुपये आहे. तत्काळसाठी आणखी 2,000. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीही अर्ज करता येतो.

त्याआधी आधारवरचा पत्ता कोंढ्याचा करून घ्या. नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर तंतोतंत जुळू द्या. अनेक अर्ज तिथेच अडतात. पासपोर्ट केंद्रात भेटीला जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा.

पत्ता बदलल्याने पोलीस पडताळणी होऊ शकते. तेव्हा गावातच थांबा. पत्त्यावर सापडला नाहीत, तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो.