छर्ऱ्याची वाट आणि दुर्बिणीची रेषा

(द्वितीय वर्ष, बी.ए.)

गोफण चालवणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही की, लांबच्या पाखरासाठी दगड थोडा उंचावरून सोडावा लागतो. पण हातात एअर रायफल आली की तोच माणूस म्हणतो, "छर्रा सरळच जातो!" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच आणि तोही कला शाखेचा. शास्त्राशी माझी ओळख दहावीपुरतीच. परंतु रेंजवर छर्रे मोजून मिळतात. अंदाजाने उडवले तर सराव तेथेच संपतो. म्हणून हा हिशेब मी समजून घेतला. तो आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट : नळीबाहेर पडताच छर्रा खाली पडू लागतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूचा मार्ग वक्र का असतो, हे दाखवले. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला असे धरू. हवेचा विरोध सोडून दिला, तर तो १० मीटरवर नळीच्या रेषेखाली १७ मिलिमीटर, २० मीटरवर ६८ आणि ३० मीटरवर १५३ मिलिमीटर उतरतो. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट, तिप्पट झाले की नऊपट!

दुसरी गोष्ट : दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते. दोहोंच्या मध्यांत ४० मिलिमीटर अंतर आहे असे समजा. दुर्बिणीतून दिसणारी रेषा सरळ, छर्ऱ्याची वाट वाकडी. ती दोन्ही जुळावीत म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली राहते. त्यामुळे छर्रा दृष्टिरेषेला दोनदा छेदतो : एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. "छर्रा आधी उसळतो" हा समज येथूनच आला असावा. वास्तविक उसळत काहीच नाही.

वरील आकड्यांनुसार २० मीटरवर नेम जुळवला, तर पहिला छेद सुमारे १२ मीटरवर येतो. १० मीटरवर छर्रा ३ मिलिमीटर खाली, १५ वर तितकाच वर, २५ वर ११ खाली आणि ३० वर ३१ मिलिमीटर खाली लागतो. प्रत्यक्षात हवेमुळे वेग घटतो, म्हणून लांबच्या अंतरावर घसरण याहून अधिक असते. प्रत्येकाने आपल्या बंदुकीचा तक्ता स्वतः कागदावर तयार करावा, तो याचसाठी.

आता नेम जुळवण्याची रीत. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी. स्प्रिंगची असेल तर मूठ सैल ठेवावी. एकाच डब्यातील पाच छर्रे एकाच बिंदूवर झाडावेत आणि त्या पुंजक्याचा मध्य पाहावा. एका छर्ऱ्यावरून दुर्बिणीची चकती कधीही फिरवू नये. पाव मिनिटाची चकती असेल, तर २० मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. पुंजका ३० मिलिमीटर खाली असेल, तर 'वर'च्या दिशेने वीस क्लिक द्यावेत आणि पुन्हा पाच छर्रे झाडून खात्री करावी. बंदूक एका अंगाला कलली, तर सारा हिशेब बिघडतो.

ऑलिंपिकच्या १० मीटर स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. तेथे छिद्राची माशी असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! परंतु घसरणीचा नियम तेथेही तोच. २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. खेड्यातल्या मुलाला ही विद्या परकी नाही, एवढे त्यावरून उमजावे.

शेवटी एक विनंती. निशाणामागे छर्रा अडवणारी भक्कम भिंत किंवा पेटी असल्याशिवाय चाप ओढू नये. पाखरावर तर नाहीच नाही. वाट कळलेल्या माणसाने ती कोठे संपते, याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.