झेलणारे हात

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे. तेथे क्वार्टरबॅक लांबट चेंडू हाताने फेकतो आणि रिसीव्हर धावता धावता झेलतो. टाइट एंडला कामे दोन: प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे आणि वेळ आली की झेल घेणे.

नाव होते ते फेकणाऱ्याचे. आम्हाला हे पटत नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा टॉम ब्रेडी घ्या. २००६ च्या हंगामात त्याच्या फेकीवर २४ टचडाउन झाले. २००७ मध्ये संघाने रँडी मॉस व वेस वेल्कर हे रिसीव्हर आणले. फेकणारा तोच, पण टचडाउन ५०! त्यांतले २३ एकट्या मॉसचे; वेल्करने ११२ झेल घेतले. नियमित हंगामातले सोळाही सामने संघाने जिंकले.

फेब्रुवारी २००८ च्या अंतिम सामन्यात मात्र न्यूयॉर्क जायंट्सनी ब्रेडीला चेंडू फेकण्याआधीच ५ वेळा पाडले आणि १७-१४ असा विजय मिळवला. म्हणजे झेलणारे हवेत, तसे अडवणारेही हवेत. दोन्ही कामे करणारा रॉब ग्रोन्काव्स्की हा ६ फूट ६ इंच उंचीचा टाइट एंड २०१० मध्ये संघात आला. पुढच्याच वर्षी त्याने १७ टचडाउन झेलले.