‘पुढे न्या’ म्हणाले की आधी हे विचार

अगं, कासा, डहाणू किंवा तलासरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर जखमी मुलाला ‘पुढे न्यावं लागेल’ म्हणाले की आपल्या बायका एकतर रडत बसतात, नाहीतर मूल उचलून गाडी शोधत सुटतात. तुझं घर महामार्गालगत, पोरं दिवसभर बाहेर. म्हणून आज बोलतेच.

रेफर केलं म्हणजे हात झटकले, असं दरवेळी नसतं. डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन लागतो, मेंदूचे सर्जन लागतात, लहान मुलांचं आयसीयू लागतं. ते तालुक्याला कुठून मिळणार? पण म्हणून घरातून थेट मुंबई गाठायची नाही. आधी जवळचा दवाखाना, मग मोठा. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, तेव्हा वाचलेल्या दोघांना आधी वापीलाच नेलं होतं, मुंबईला नंतर. तलासरीहून तर वापी, सिल्वासा मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

लेकराचं शरीर फसवं असतं, बाई. आत रक्त जात असलं तरी बीपी बराच वेळ ठीक दिसतो, आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, मूल गुंगायला लागतं. असं दिसलं की ‘जरा झोपलंय’ म्हणून गप्प बसू नकोस, सिस्टरला हाक मार. त्याला पाणीही पाजू नकोस, कदाचित ऑपरेशन करावं लागेल. अंगावर पांघरूण मात्र घाल. आणि बाइकवर दोघांच्या मधे बसवून तर मुळीच नेऊ नकोस. मानेला मार असेल तर डोकं-मान सरळ राहायला हवी.

निघण्याआधी डॉक्टरांना विचारायला लाजू नकोस. रक्त थांबलंय का? सलाईन चालू आहे का? 108 रुग्णवाहिकेत ऑक्सिजन आणि सोबत डॉक्टर आहेत का? पुढच्या हॉस्पिटलला फोन झाला का, तिथं बेड आणि सर्जन आहेत का? वाटेत बिघडलं तर कुठं थांबायचं? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं, वसईकडचं एक चिमुकलं लेकरू मुंबईला नेताना महामार्गाच्या कोंडीत तासन्‌तास अडकलं आणि गेलं. रेफरची चिठ्ठी, एक्स-रे, दिलेल्या औषधांची नोंद सोबत घे, म्हणजे तिकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पैशांच्या भीतीनं थांबू नकोस. रस्त्यावर गाडीचा अपघात असेल तर 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार. पोरगं दुसऱ्या कुणाचं असलं तरी पोलिसांच्या कटकटीला भिऊन मागे सरू नकोस. मोटार वाहन कायद्याचं 134अ कलम मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे.

आणि एक काम आजच कर. मुलांची औषधं आणि सलाईन वजनावर ठरतात, घाईत कुणाला नेमकं वजन आठवत नाही. अंगणवाडीत तुझ्या दोन्ही पोरांची वजनं करून घे, वजनाच्या कार्डाचा फोटो काढ, नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या फोनवरही पाठव.