वयोगट तीन, सेवा एक

(तरुण संघाचे पुढारी व संडे स्कूलचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

मुलांचे काम ज्यांच्याकडे सोपविलेले असते त्यांना एक अनुभव नेहमी येतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा उत्साहाने येतो, सांगितलेले काम करतो, नाताळच्या कार्यक्रमात पुढे असतो. दहावीचे वर्ष येते आणि तो क्वचित दिसू लागतो. नंतर तो शिक्षणासाठी परगावी जातो, नोकरीला लागतो, आणि आपण म्हणतो, "अमक्यांचा मुलगा किती चांगला होता, आता येत नाही." मग दोष आईबापांचा, कॉलेजचा की काळाचा, यावर बोलणे होते. पण त्या मुलाला एका गटातून पुढच्या गटात हात धरून कोणी नेले काय, हे आपण सहसा विचारीत नाही.

ही अडचण केवळ मंडळीची नाही. शाळा-कॉलेजांतील सेवा क्लबांपुढेही ती आहे. म्हणून या पाठात आपण रोटरी, रोटरॅक्ट व इंटरॅक्ट या तीन क्लबांचे परस्परसंबंध पाहणार आहोत. रोटरी ही धार्मिक संस्था नव्हे. तिच्यात सर्व धर्मांचे लोक असतात. तरी निरनिराळ्या वयाच्या माणसांना एका कामात जोडण्याचा प्रयत्न तिने साठ वर्षांहून अधिक काळ चालविला आहे. त्यातील यशापासून आणि अडचणींपासूनही आपणांस शिकता येईल.

१. तीन क्लबांचा जन्म

पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी आपल्या तीन परिचितांसह पहिली सभा भरविली. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, यावरून 'रोटरी' हे नाव पडले. भारतातील पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यास निघाला. आरंभी हा प्रौढ पुरुषांचा, व्यापारी व व्यावसायिक लोकांचा क्लब होता. स्त्रियांना सभासदत्वाची वाट जगभर १९८९ मध्ये मोकळी झाली.

शाळकरी मुलांसाठी पहिला इंटरॅक्ट क्लब ५ नोव्हेंबर १९६२ रोजी फ्लोरिडा राज्यातील मेलबर्न हायस्कूलमध्ये निघाला. त्यात २३ विद्यार्थी होते. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, जगातील दुसरा इंटरॅक्ट क्लब आपल्या देशात, तंजावर येथे स्थापन झाला. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष कलकत्त्याचे नितीश लाहिरी हे होते; त्या पदावर आलेले ते पहिले आशियाई गृहस्थ. इंटरॅक्टमध्ये १२ ते १८ वर्षे वयाची मुले-मुली असतात.

शाळा सुटली की पुढे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून १३ मार्च १९६८ रोजी उत्तर कॅरोलिना राज्यातील शार्लट येथील विद्यापीठात पहिला रोटरॅक्ट क्लब निघाला. हा १८ वर्षांवरील तरुणांसाठी आहे. वयाची वरची मर्यादा पुष्कळ काळ ३० वर्षे होती. ती १ जुलै २०२० पासून काढून टाकण्यात आली.

लायन्स क्लबांचीही अशीच व्यवस्था आहे. त्यांचा पहिला लिओ क्लब १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका हायस्कूलमध्ये सुरू झाला. पुढे त्याचे दोन भाग करण्यात आले : १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी 'अल्फा' व १८ ते ३० वयाच्या तरुणांसाठी 'ओमेगा'. म्हणजे दोन निरनिराळ्या संस्था एकाच निर्णयावर आल्या : तेरा वर्षांचे मूल आणि पंचवीस वर्षांचा तरुण यांना एका बाकावर बसवून चालत नाही.

२. वेगळे गट कशासाठी?

शाळकरी मुलाला काम लवकर पूर्ण झालेले पाहावयास हवे असते. त्याला घरच्यांची परवानगी लागते. अभ्यास व परीक्षा सांभाळाव्या लागतात. म्हणून इंटरॅक्ट क्लबाला वर्षातून किमान दोन उपक्रम करण्यास सांगितलेले असते : एक आपल्या शाळेच्या अगर गावाच्या उपयोगाचा, आणि दुसरा इतर देशांतील लोकांविषयी समज वाढविणारा. क्लब शाळेत असेल तर शाळेतील एक शिक्षक व पालक-क्लबातील एक रोटेरियन असे दोन सल्लागार त्याच्या पाठीशी असतात. मुले अल्पवयीन असल्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेचे नियम मोठ्यांनी पाळावयाचे असतात.

कॉलेजातील किंवा नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणाची गरज निराळी असते. त्याला सभा चालविणे, हिशेब ठेवणे, अधिकाऱ्यांना भेटणे, चारचौघांत बोलणे हे शिकावयाचे असते, आणि आपला निर्णय आपण घ्यावयाचा असतो. रोटरॅक्ट क्लब आपले पदाधिकारी स्वतः निवडतो व आपला कार्यक्रम स्वतः आखतो. इंटरॅक्टमध्येही अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांतूनच निवडले जातात. रोटरीच्या क्लबांत पदे दर वर्षी १ जुलैस बदलतात, त्यामुळे एकच व्यक्ती जागा अडवून बसत नाही आणि पुष्कळांना शिकण्याची संधी मिळते.

प्रौढांजवळ अनुभव, ओळखी व पैसा असतो. वेळ मात्र थोडा असतो. तरुणांचे उलट असते. या दोघांची गाठ घालून देणे हे पालक-क्लबाचे काम आहे. मुलांच्या क्लबाने आपल्या उपक्रमांचा पैसा शक्यतो स्वतः उभा करावा अशी अपेक्षा असते. वडिलांच्या खिशातून सर्व खर्च भागला, तर मुलांना तो उपक्रम आपला वाटत नाही.

३. एकत्र काम : एक उदाहरण

तीन गटांनी एकत्र काम करावे म्हणजे सर्वांनी एकच काम करावे असे नाही. रक्तदान शिबिर घ्या. आपल्या देशातील नियमाप्रमाणे रक्तदात्याचे वय १८ ते ६५ असावे लागते व वजन निदान ४५ किलो असावे लागते. तेव्हा इंटरॅक्टचा पंधरा वर्षांचा मुलगा रक्त देऊ शकत नाही. मग त्याला घरी बसवावयाचे काय?

मुळीच नाही. घरोघरी जाऊन शिबिराची तारीख सांगणे, फलक रंगविणे, आलेल्यांची नावे लिहून घेणे, रक्तदानानंतर चहा-बिस्किटे देणे, कोणास घेरी आल्यासारखे वाटले तर लगेच डॉक्टरांना सांगणे, ही कामे त्याची. रोटरॅक्टच्या वयाचे तरुण स्वतः रक्त देतात, मित्रांना आणतात, रांग सांभाळतात, मनातली भीती घालवितात. वडील मंडळी रक्तपेढीशी पत्रव्यवहार करतात, जागा मिळवितात, खर्चाची तरतूद करतात. येथे कोणाचेही काम दुय्यम नाही. वय व कायदा पाहून ते वाटलेले आहे.

याच शिबिरात पुढची तयारीही होते. नावे लिहिणाऱ्या मुलाने दोन वर्षे हे काम जवळून पाहिलेले असते. अठरावे वर्ष लागल्यावर तो रक्तदाता म्हणून येतो तेव्हा त्याला भीती वाटत नाही. शिबिराची व्यवस्था त्याच्या अंगवळणी पडलेली असते, आणि रोटरॅक्टमधील दहा जण त्याच्या ओळखीचे असतात. त्याला निराळे आमंत्रण द्यावे लागत नाही.

मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे तर पोलिओचे उदाहरण आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा जागतिक संकल्प केला. भारतात सरकार, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्याबरोबर तिचे सभासद पल्स पोलिओच्या बूथवर वर्षानुवर्षे उभे राहिले. इंटरॅक्ट व रोटरॅक्टच्या मुलामुलींनीही फेऱ्या काढल्या आणि बूथवर मदत केली. उत्तर प्रदेशात तर लहान मुलांच्या 'बुलावा टोळ्या' गल्लोगल्ली फिरून धाकट्या भावंडांना डोस घेण्यास बोलावून आणीत. देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. एकाच वयाच्या लोकांकडून हे काम झाले नसते.

४. दोरी कोठे तुटते?

आता अडचणींकडे वळू. गट कितीही चांगले चालले तरी दोन ठिकाणी माणसे गळतात.

पहिले ठिकाण म्हणजे अठरावे वर्ष. मुलगा शाळेबरोबर इंटरॅक्टही सोडतो. रोटरॅक्ट क्लब दुसऱ्या कॉलेजात, कदाचित दुसऱ्या शहरात असतो. बेळगावची मुलगी पुण्यास शिकावयास गेली, किंवा ग्वाल्हेरचा मुलगा इंदुरास गेला, तर तेथील क्लबात तिचे किंवा त्याचे नाव कोणी कळविले नाही तर ओळख तेथेच संपते. दुसरे ठिकाण तिशीच्या आसपासचे. रोटरॅक्टमध्ये अध्यक्षपद भूषविलेला तरुण वडिलांच्या क्लबात गेला की तेथे सर्वांत धाकटा ठरतो. शिवाय संसार, नोकरी व वर्गणी यांचा भार त्याच्यावर असतो. त्यामुळे पुष्कळ जण दारातूनच परततात.

या अडचणीवर रोटरीने अलीकडे काही उपाय केले. २०१६ पासून एका व्यक्तीला रोटरॅक्ट व रोटरी या दोन्ही क्लबांत एकाच वेळी राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे एक पाय उचलण्याआधी दुसरा टेकता येतो. पूर्वी रोटरॅक्ट हा रोटरीने चालविलेला एक कार्यक्रम समजला जाई. २०१९ मध्ये रोटरॅक्ट क्लबांना रोटरी इंटरनॅशनलमध्ये स्वतःच्या नावाने सभासदत्व देण्याचा निर्णय झाला. आता रोटरॅक्ट क्लब स्वतः एखाद्या इंटरॅक्ट क्लबाचा पालक होऊ शकतो. हा बदल लक्षात घेण्याजोगा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला साठ वर्षांच्या गृहस्थांपेक्षा बावीस वर्षांच्या ताईचे अगर दादाचे बोलणे जवळचे वाटते. वडिलांचा आधार हवाच, पण मधली पायरी गाळून चालत नाही.

तिसरी अडचण नियमांनी सुटणारी नाही. कित्येकदा मोठी माणसे तरुणांना केवळ राबावयास बोलावतात. खुर्च्या मांडणे, सतरंज्या घालणे, पाहुण्यांना पाणी देणे एवढ्यापुरती त्यांची आठवण होते. कार्यक्रम मात्र आधीच ठरलेला असतो. असा तरुण एक-दोन वर्षे येतो व मग येत नाही. याच्या उलट, सर्व काही मुलांवर सोपवून मोठ्यांनी अंग काढून घेतले, तर पहिल्या अपयशातच मुले खचतात. सल्लागाराने सभेत बसावे, विचारले तर सांगावे, हिशेब पाहावा, धोका दिसला तर थांबवावे. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नये.

५. आपल्या कामासाठी बोध

वयोगटांची कल्पना मंडळ्यांना नवी नाही. फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरी आपल्या मंडळीतील तरुणांसाठी ख्रिस्ती एन्डेव्हर संस्था काढली, आणि तीनच वर्षांनी, १८८४ मध्ये, बालकांसाठी तिची कनिष्ठ शाखा निघाली. म्हणजे इंटरॅक्टच्या पुष्कळ आधी हा विचार झाला होता. आज आपल्याकडे संडे स्कूल आहे, तरुण संघ आहे, महिला मंडळ आहे. गट पुरेसे आहेत. त्यांच्यामधला दुवा पाहणारा माणूस बहुधा नेमलेला नसतो. त्यासाठी पुढील गोष्टी कोणत्याही लहान मंडळीस करता येतील :

(अ) एक नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक मुलाची जन्मतारीख व तो पुढच्या गटात कोणत्या वर्षी जाणार हे लिहावे. वही एकाच व्यक्तीकडे असावी व तिने ती दर तीन महिन्यांनी पाहावी.

(आ) गट बदलण्याआधी एक वर्ष त्या मुलाला पुढच्या गटाच्या कामात भाग द्यावा. निरोप देण्याच्या दिवशीच नव्या गटाची ओळख करून देणे फार उशिराचे होते.

(इ) वर्षातून निदान एक काम तिन्ही वयोगटांनी मिळून करावे, आणि ते ठरविण्याच्या सभेला तिन्ही गटांचे प्रतिनिधी असावेत.

(ई) मुलगा किंवा मुलगी परगावी जात असेल तर तेथील मंडळीस अगर तरुण संघास आधी कळवावे. नाव, राहण्याचे ठिकाण आणि त्याला कोणते काम आवडते एवढे पुरे. त्याला विचारूनच हे करावे.

(उ) संडे स्कूलच्या मोठ्या वर्गाला एक तरुण साहाय्यक द्यावा. मुलांना दादा-ताई मिळतील, आणि त्या तरुणास आपले काही काम आहे असे वाटेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत आपल्या संडे स्कूलमधून बाहेर पडलेल्या मुलांची नावे लिहा. आज ती कोठे आहेत? त्यांतील किती जण कोणत्या तरी सेवेत आहेत?

२. आपल्या तरुण संघाने गेल्या वर्षी केलेल्या कामांपैकी कोणती तरुणांनी ठरविली व कोणती त्यांना ठरवून दिली?

३. रक्तदान शिबिर, परिसर स्वच्छता, आजाऱ्यांची भेट यांपैकी एक काम घेऊन त्यात बारा, वीस व पन्नास वर्षांच्या व्यक्तीचा वाटा काय असावा ते ठरवा.

४. अल्पवयीन मुले सेवेसाठी बाहेर जातात तेव्हा पालकांची परवानगी, सोबत व परत पोचविणे यांची जबाबदारी आपल्याकडे कोणावर आहे?

५. वरील नोंदवही आपल्या मंडळीत कोणी ठेवावी? पाठ संपण्यापूर्वी नाव ठरवा.